घातक कचऱ्याची भट्टी पेटवताना डायऑक्सिन वाढतं, तेव्हा काय काय तपासायचं

ज्यांच्या हाताखाली घातक कचऱ्याची भट्टी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय: शिफ्ट इनचार्ज, मेंटेनन्सवाले, आणि नापास रिपोर्ट आल्यावर ज्यांना धावपळ करावी लागते ते सगळे. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या सामाईक केंद्रांतली मोठी रोटरी किल्न (फिरत्या नळकांड्याची भट्टी) असो की एमआयडीसीतल्या औषध कारखान्याची स्वतःची छोटी भट्टी, दुखणं एकच. चालू असताना सगळं ठीक; पेटवताना, म्हणजे लाइट-अपला, गडबड: डायऑक्सिन हे क्लोरीन असलेलं अत्यंत विषारी रसायन वाढतं. अशा भट्ट्यांच्या मागे मी बरीच वर्षं आहे आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य हेच ऐकू येतं: "साहेब, लाइट-अपला कचरा टाकलाच नव्हता, मग डायऑक्सिन आलं कुठून?"

लक्षणं

- पेटवल्यावर पहिल्या काही तासांत चिमणीतून काळपट धूर. बर्नर हाय फायरला गेला की तो वाढतो.
- सीओ (कार्बन मोनॉक्साइड) सारखा वरखाली उड्या मारतो, किंवा एका उंचीवर जाऊन सपाट बसतो. सपाट रेघ जास्त वाईट. का ते पुढे येईल.
- लाइट-अपनंतर बॅगफिल्टरचा (धूळ गाळणाऱ्या पिशव्यांचा) डीपी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक, चढलेला, पिशव्या काळ्या आणि हाताला तेलकट.
- क्वेंचच्या (पाणी फवारून वायू झटकन थंड करणाऱ्या भागाच्या) आधीच्या डक्टमध्ये आणि नोझलच्या तोंडाशी काजळीचा थर.
- डायऑक्सिनची चाचणी एकदा पास, एकदा नापास, आणि नापास नमुन्याच्या आधी दोन-चार दिवसांत भट्टी थंड होऊन पुन्हा पेटलेली. माझ्या मते सगळ्यात भरवशाचं लक्षण हेच.
- रिपोर्टमध्ये फ्युरानचा (डायऑक्सिनच्या जोडीनेच मोजल्या जाणाऱ्या भावंड रसायनांचा) वाटा डायऑक्सिनपेक्षा बराच मोठा.

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर पुढे वाचा. फक्त शेवटचं दिसत असेल तर आधी लॅबशी बोला.

कचरा नसताना डायऑक्सिन कसं

डायऑक्सिन ज्वाळेत कमी, ज्वाळेनंतर वायू थंड होतो त्या वाटेवर जास्त तयार होतं. साधारण २०० ते ४५० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा, आणि ३०० च्या आसपास सगळ्यात जोर. त्याला लागतं काय? न जळलेला कार्बन म्हणजे काजळी, थोडं क्लोरीन, ऑक्सिजन, आणि ही प्रक्रिया घडवून आणणारा तांब्यासारखा धातू. थंड भट्टीत हे चारही हजर असतात. क्लोराइड आणि तांबं मागच्या फेरीच्या राखेत, काजळी बर्नरच्या पहिल्या घाणेरड्या ज्वाळेतून, आणि ऑक्सिजन तर हवा तेवढा.

चालू भट्टीत क्वेंच वायूला ५०० वरून २०० च्या खाली एका सेकंदाच्या आसपास आणतो, म्हणजे धोक्याचा पट्टा झटक्यात ओलांडला जातो. पेटवताना उलटं होतं. रिफ्रॅक्टरीला (आतल्या उष्णतारोधक विटांना) तडे जाऊ नयेत म्हणून तापमान तासाला ३०-५० अंशांनी सावकाश चढवतात, आणि तेवढा वेळ डक्टच्या भिंती, बॉयलर असेल तर त्याच्या नळ्या, त्यांवरची राख, सगळं त्याच पट्ट्यात तासन् तास बसून राहतं. करपलेला तवा न घासता सकाळी गॅसवर ठेवला की पहिला धूर आजच्या पोळीचा नसतो.

आणि ते लाइट-अप संपल्यावर संपत नाही. बसलेली काजळी पुढचे काही तास, कधी काही दिवस, थोडं थोडं सोडत राहते. तोवर सेकंडरी (धूर पुन्हा जाळणारा दुसरा कक्ष) ११०० अंशांवर, सीओ नगण्य, सगळे खूश. तैवानमधल्या महापालिका कचऱ्याच्या भट्ट्यांवरचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात एका स्टार्ट-अपमधलं उत्सर्जन वर्षभर सुरळीत चालण्याच्या सुमारे ६० टक्क्यांइतकं भरलं होतं. तुमची भट्टी वेगळी, कचरा वेगळा, आकडाही वेगळा येईल. पण वर्षातून एकदा स्थिर भट्टीवर सहा-आठ तासांचा नमुना घेऊन 'आपण डायऑक्सिनच्या ०.१ नॅनोग्रॅमच्या मर्यादेत आहोत' म्हणण्यात काय राहून जातं, ते यातून कळतं.

पहिली तपासणी: लॉगबुक, आणि तेही शटडाऊनचं

फुकटातली तपासणी, म्हणून पहिली. गेल्या सहा महिन्यांत भट्टी किती वेळा पूर्ण थंड झाली ते मोजा, आणि प्रत्येक वेळी का, ते समोर लिहा. बहुतेक ठिकाणी कारणं ठरलेली: किल्नमध्ये स्लॅगची (वितळून गोठलेल्या राखेची) रिंग, आयडी फॅन (वायू ओढून चिमणीकडे नेणारा पंखा), फीडरमध्ये अडकलेला ड्रम, आणि हल्ली 'माल नव्हता'. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत को-प्रोसेसिंगला (कचरा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून वापरण्याला) प्राधान्य मिळाल्यापासून चांगल्या उष्मांकाचा कचरा सिमेंट किल्नकडे वळतो, भट्टीला उरतो तो ओला, खारट, नकोसा. मग चार दिवस चालवा, तीन दिवस बंद ठेवा. कारखान्यांच्या छोट्या भट्ट्यांची अवस्था याहून वाईट. कित्येक ठिकाणी रोज सकाळी पेटवायची, रात्री विझवायची अशी पद्धत आहे. तिथे पुढच्या सगळ्या तपासण्या केल्या तरी फरक थोडाच पडेल. आठवडाभराचा माल साठवून सलग चालवणं हा तिथला खरा उपाय, अर्थात साठवणुकीची परवानगी आणि मुदत सांभाळून. मधला थांबा एक-दोन दिवसांचाच असेल तर बर्नरवर भट्टी गरम धरून ठेवा. डिझेलच्या बिलावरून अकाउंट्सवाले ओरडतात, ओरडू देत.

दुसरी गोष्ट, बंद कशी केली ते बघा. पुढच्या लाइट-अपचं भवितव्य मागच्या शटडाऊनला ठरतं. फीड थांबवल्यावर किल्नमधला माल पूर्ण जळेपर्यंत सेकंडरी तापमानावर ठेवली होती का? शेवटच्या दोन-तीन तासांत क्लोरीनवाला कचरा थांबवला होता का? किल्न थंड झाल्यावर साइट ग्लासमधून टॉर्च मारा. तळाशी करडी, भुसभुशीत, कोरडी राख दिसली तर ठीक. काळे गोळे, अर्धवट वितळलेले लायनर, ड्रमच्या गॅस्केटचे तुकडे दिसले तर पुढच्या वेळी तुम्ही बर्नरने तेच पेटवणार आहात, तेही ४०० अंशांवर, आणि वर लिहिणार आहात की कचरा टाकला नव्हता.

बॅगफिल्टरचे हॉपरही शटडाऊनलाच, गरम असतानाच रिकामे करायचे. त्या राखेत कॅल्शियम क्लोराइड असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. तळोज्याच्या पावसाळ्यात दोन दिवस राहिलं तर हॉपरमध्ये राख नसते, दगड असतो.

दुसरी: ट्रेंड काढा आणि आकड्यांवर विश्वास ठेवू नका

डीसीएसमधून (प्लांटच्या नियंत्रण संगणकातून) लाइट-अपचा पूर्ण ट्रेंड काढा: सेकंडरीचं तापमान, ऑक्सिजन, सीओ, बॅगफिल्टरच्या तोंडाचं तापमान, फीडरची हालचाल. पाचही एका कागदावर.

सीओची रेघ एखाद्या गोल आकड्यावर सपाट झाली असेल तर तो ॲनालायझरच्या रेंजचा शेवट आहे. खरा सीओ त्याच्या वर कुठेही असू शकतो. ड्युअल रेंजचा ॲनालायझर असेल तर लाइट-अपला वरची रेंज लावा.

मग ऑक्सिजनचा हिशेब. आपली मानकं ११ टक्के ऑक्सिजनवर आणलेली असतात. पेटवताना हवा इतकी जास्त असते की चिमणीत १८, १९, कधी २० टक्के ऑक्सिजन दिसतो. गुणक काढायचा तो असा: १० भागिले (२१ वजा मोजलेला ऑक्सिजन). १८ टक्क्यांना तो ३.३ येतो, २० टक्क्यांना थेट १०. म्हणजे स्क्रीनवर ३५ मिलिग्रॅम सीओ बघून ऑपरेटर निवांत असतो, आणि दुरुस्त केलेला आकडा १०० ची अर्ध्या तासाची मर्यादा ओलांडून गेलेला असतो. स्क्रीनवर कुठला आकडा दिसतोय, कच्चा की दुरुस्त, हे इन्स्ट्रुमेंटवाल्याला विचारा. निम्म्या वेळा त्यालाही बघावं लागतं.

आता फीडर. पहिला कचरा आत गेला तेव्हा सेकंडरी किती होती? तापमान गाठल्याशिवाय फीड सुरूच होऊ नये, यासाठी इंटरलॉक, म्हणजे आपोआप अडवणारी सोय, असतो. ट्रेंडवर फीडर ९०० ला हललेला दिसला तर वाद घालत बसू नका, पॅनल उघडून फीड परमिसिव्हच्या (फीडला परवानगी देणाऱ्या) रिलेवर जंपर, म्हणजे ती अडवणूक टाळणारी वायर, आहे का ते बघा. कमिशनिंगच्या वेळी टाकलेली दोन इंचांची वायर वर्षानुवर्षं तिथेच राहते. ती काढायला पैसे लागत नाहीत, मॅनेजरची सही लागते.

तापमान खरं आहे का, हेही इथेच. सेकंडरीचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बर्नरच्या ज्वाळेच्या वाटेत असेल तर तो ११०० दाखवेल आणि बाहेर पडणारा वायू हजारच्या खाली असेल. बाहेरच्या टोकाचा आकडा धरायचा. के टाइपचा थर्मोकपल हजाराच्या वर बराच काळ राहिला की सरकतो. तो किती जुना आहे हे कुणालाच माहीत नसेल तर बदला, स्वस्त आहे.

एक सवय मोडायला लागते ती आयडी फॅनची. धूर दिसला की फॅन वाढवतात. धूर पातळ होतो, पण वायू सेकंडरीतून लवकर निघून जातो, पूर्ण जळायला लागणारे दोन सेकंद मिळत नाहीत, आणि तापमानही पडतं. धुराचं मूळ बर्नरमध्ये शोधा.

तिसरी: बर्नर आणि इंधन

लाइट-अपची बहुतेक काजळी इथूनच येते. नोझल काढा. तोंडावर कोक जमलाय का, भोक अंडाकृती झालंय का बघा. अ‍ॅटमायझिंग हवेचा दाब गेजवर नाही, नोझलजवळ मोजा. मधली नळी चोंदलेली असते. ज्वाळा पिवळी-लाल, टोकाला काळी शेपटी असलेली आणि रिफ्रॅक्टरीला चाटणारी असेल तर थेंब मोठे पडतायत. फर्नेस ऑइल वापरत असाल तर ते नोझलशी १०० अंशांच्या आसपास गरम पोचतंय का बघा. टाकीवरचं तापमान नको.

इंधनाबद्दल माझं मत ठाम आहे: थंड भट्टी हलक्या इंधनावरच पेटवावी. पाइप गॅस किंवा एलपीजी असेल तर सोनं, नाहीतर डिझेल. फर्नेस ऑइल सेकंडरी गरम झाल्यावर. आणि कचरा म्हणून आलेलं वापरलेलं तेल लाइट-अपला कधीही नको. त्यात क्लोरीनवाले सॉल्व्हंट मिसळलेले असू शकतात, घासलेल्या बेअरिंगमधलं तांबं असतं. ते फुकट मिळतं म्हणून पेटवायला वापरतात, आणि वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी तीन एकाच पिंपातून आत जातात.

इथे एक जागा थांबण्याची. बर्नर पेटला नाही तर पर्ज (आत साठलेली वाफ हवेने बाहेर काढणं) पूर्ण झाल्याशिवाय पुन्हा बटण दाबू नका. दोन-तीन प्रयत्नांत पेटला नाही किंवा फ्लेम स्कॅनर पेटलेली ज्वाळा ओळखत नसेल, तर बर्नर कंपनीचा माणूस बोलवा. स्कॅनर बायपास करून पेटवणं म्हणजे गरम चेंबरमध्ये तेलाची वाफ साठवणं. डायऑक्सिन नंतर, आधी स्फोट.

चौथी: बायपास, दोन्हीकडचे

पहिला बायपास वरचा, म्हणजे इमर्जन्सी चिमणीची टोपी. तिथून गेलेला वायू ना क्वेंच बघतो ना बॅगफिल्टर, आणि ॲनालायझर तर दुसऱ्याच चिमणीवर असतो. लाइट-अपला 'ड्राफ्ट चांगला मिळतो' म्हणून ही टोपी उघडी ठेवायची रीत काही ठिकाणी आहे. ती बंद करा. बंद असूनही टोपीच्या वर हवा थरथरताना दिसली तर सीट गळतेय.

दुसरा बायपास बॅगफिल्टरचा. थंड पिशव्यांवर ओला वायू गेला की पाणी आणि आम्ल धरतं, पिशव्या लिंपतात, म्हणून तोंडाचं तापमान १३०-१४० होईपर्यंत फिल्टर बाजूला ठेवतात. पिशव्या वाचतात हे खरं, पण सगळ्यात घाणेरडे तास गाळणीशिवाय जातात. उपाय असा: किल्न पेटवण्याआधीच गरम हवा फिरवून बॅगफिल्टर तापवा, हॉपर हीटर चालू करा, आणि पिशव्यांवर चुना व डायऑक्सिन शोषणाऱ्या ॲक्टिव्हेटेड कार्बनचा पहिला थर द्या. मग पहिल्या ज्वाळेपासून वायू फिल्टरमधूनच. गरम हवेची सोय नसेल तर गॅसच्या बर्नरवर तापवा. फक्त वरची बाजूही लक्षात ठेवा: फिल्टर २०० च्या वर गेला तर त्याच पिशव्यांवरच्या राखेत डायऑक्सिन तयार व्हायला लागतं.

बायपास डॅम्पर 'बंद' दाखवत असताना खरंच बंद आहे का? डॅम्परच्या पुढच्या डक्टचं झाकण उघडून बोट फिरवा, अर्थात प्लांट बंद आणि थंड असताना, ग्लोव्ह घालून. तिथे धूळ असायलाच नको.

पाचवी: कार्बन खरंच जातोय का

माझी आवडती तपासणी, कारण तिला एक वजनकाटा पुरतो. समजा वायूचा प्रवाह ताशी १५,००० सामान्य घनमीटर आणि या ॲक्टिव्हेटेड कार्बनचा डोस घनमीटरला १०० मिलिग्रॅम. ताशी दीड किलो झालं. २५ किलोची गोणी साधारण सोळा-सतरा तासांत संपली पाहिजे. आता स्टोअरच्या रजिस्टरमध्ये गोण्या किती दिवसांनी निघाल्या बघा. फीडरची मोटर फिरत असते, स्क्रीनवर हिरवा दिवा असतो, आणि हॉपरमध्ये कार्बनची कमान धरून खालचा स्क्रू रिकामाच फिरत असतो. इजेक्टरची नळी काढा, तोंडाशी पांढरा कपडा धरा. कपडा काळा झाला नाही तर उत्तर मिळालं.

दुसरी गोष्ट वेळेची. बहुतेक लॉजिकमध्ये कार्बन फीडर कचऱ्याच्या फीडबरोबर सुरू होतो. तो पहिल्या बर्नरबरोबर सुरू व्हायला हवा. पीएलसीत (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) एक ओळ बदलायची असते. एवढ्या एका बदलाने जितका फरक पडतो तितका महागड्या दुरुस्त्यांनी पडत नाही. मात्र निव्वळ कार्बन हॉपरमध्ये साचला तर आतल्या आत धुमसतो. चुन्यात मिसळून द्या आणि हॉपरच्या तापमानाला अलार्म ठेवा.

कुणी गंधक टाकायला सुचवेल. गंधकाने ही प्रक्रिया दबते हे खरं, पण त्यातून होणाऱ्या एसओटूची (सल्फर डायऑक्साइडची) मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे आणि प्लांटवर असले प्रयोग परवानगीशिवाय करू नयेत.

सहावी: क्वेंच आणि ओला स्क्रबर

क्वेंचची नोझल एकेक काढून बाहेर पाण्यावर चालवून बघा. शंकूऐवजी धार पडत असेल तर एका बाजूचा वायू गरमच पुढे जातोय. खारं पाणी परत फिरवत असाल तर नोझल लवकर चोंदणार, गाळणी बदला.

स्क्रबरकडे (वायू पाण्याने धुणाऱ्या मनोऱ्याकडे) मात्र सहसा कुणी बघत नाही. आतलं पॉलिप्रोपिलिनचं पॅकिंग डायऑक्सिन शोषून घेतं आणि तापमान बदललं की परत सोडतं. म्हणून कधी कधी बॅगफिल्टरनंतरचा वायू स्वच्छ, आणि चिमणीत आकडा वर. हा संशय असेल तर स्क्रबरच्या आधी आणि नंतर असे दोन नमुने एकाच वेळी घ्यावे लागतात. पॅकिंग बदलायचं झालं तर कार्बन मिसळलेलं पॉलिप्रोपिलिनही मिळतं, ते धरून ठेवतं.

सातवी: आतला थर काढणं, आणि इथे हात थांबवा

वरचं सगळं नीट असूनही लाइट-अपनंतर आकडा वर राहत असेल तर डक्ट, बॉयलर आणि क्वेंचच्या भिंतीवरचा जुना थर काढायला हवा. हे काम शिफ्टच्या माणसांकडून, झाडू आणि कॉम्प्रेस्ड एअरने करून घेऊ नका. त्या राखेतच डायऑक्सिन आहे, जड धातू आहेत. बंदिस्त जागेचं परमिट, ऑक्सिजनची मोजणी, बाहेर उभा माणूस, योग्य फिल्टरचा मास्क आणि बारीक धूळ धरणारा औद्योगिक व्हॅक्यूम असलेली एजन्सीच बोलवा. निघालेली राख घातक कचरा म्हणूनच जाते, तिचं मॅनिफेस्ट (वाहतुकीचं नोंदपत्र) करा. कंत्राटी कामगारांना फडकं बांधून आत सोडलेलं दिसलं तर काम थांबवायचा अधिकार तुमचा आहे, वापरा.

रिफ्रॅक्टरीच्या बाहेरच्या शेलवर लाल डाग, आयडी फॅनची कंपनं, चेंबरमध्ये पॉझिटिव्ह प्रेशर: यापैकी काहीही दिसलं तर फीड बंद आणि तज्ज्ञाला फोन. आणि चाचणीचा आकडा ०.१ च्या वर आला असेल तर आधी कचऱ्याचं फीड थांबवा, मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, मग दुरुस्ती. हा क्रम उलटा करणाऱ्यांना ते पुढे जास्त महागात पडतं.

शेवटी लॅब

लाइट-अपचा नमुना ही सगळ्यात खर्चिक तपासणी. बदलता प्रवाह, ओला वायू, लांबलेला वेळ, त्यामुळे प्रोबमध्ये शिरणाऱ्या वायूचा वेग चिमणीतल्या वेगाशी जुळवून धरणं अवघड जातं; रोजच्या स्टॅक मॉनिटरिंगवाल्याचं हे काम नाही. हाय रिझोल्यूशन मास स्पेक्ट्रोमेट्री असलेली मान्यताप्राप्त लॅबच लागते. युरोपीय महासंघाच्या २०१९ च्या निर्णयात कचरा नसतानाच्या स्टार्ट-अप आणि शटडाऊनमधलं डायऑक्सिनसुद्धा ठरवून केलेल्या मोजणीवरून, उदाहरणार्थ दर तीन वर्षांनी, काढायला सांगितलंय. आपल्याकडे कुणी मागत नसलं तरी दुरुस्तीआधी एकदा आणि नंतर एकदा असं मोजून घ्या.

लॅबला तीन गोष्टी आधीच लिहून द्या. नमुना पहिल्या बर्नरपासून घ्यायचा, फीडपासून नव्हे. लाइट-अपचा नमुना आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या स्थिर भट्टीचा नमुना वेगवेगळे ठेवायचे. रिपोर्टमध्ये फक्त एकूण टीईक्यू (सगळ्या घटकांच्या विषारीपणाची एकत्रित बेरीज) नको, सतराही विषारी घटकांचे आकडे सुटे हवेत. सुट्या आकड्यांत फ्युरान वरचढ असतील तर बहुधा काजळी आणि राखेवर तयार झालेलं आहे, पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या तपासणीकडे परत जा. डायऑक्सिनचा वाटा मोठा असेल तर क्लोरोफिनॉलसारखा माल कुठून तरी आत आलाय, आणि चौकशी कचरा स्वीकारणाऱ्या गेटवर सुरू करायची.